उभे शब्द, आडव्या हद्दी

कोल्हापूरहून निपाणीकडे निघालं की महाराष्ट्र नेमका कुठं संपतो, हे जमीन सांगत नाही. अलीकडे ऊस, पलीकडेही ऊस. अलीकडच्या म्हशी रस्त्याच्या मधोमध बसतात, पलीकडच्याही बसतात. सांगतो तो पेट्रोलपंप. ज्या बाजूला डिझेल दोन पैशांनी स्वस्त, त्या बाजूच्या पंपावर ‘शेवटचा पंप’ असा गावजेवणाच्या पंगतीइतका लांब बोर्ड, ट्रकची रांग आणि चहाच्या दोन टपऱ्या. दुसऱ्या बाजूचा पंपवाला खुर्ची टाकून पेपर वाचत असतो. उद्या बंगळूरच्या नाहीतर मुंबईच्या मंत्र्यानं कर थोडा इकडेतिकडे केला, की रांग उठून समोर जाते आणि पेपर इकडचा माणूस वाचू लागतो.

शाळेत मास्तरांनी आम्हांला राज्यांच्या सीमा शिकवल्या त्या नद्या आणि डोंगर दाखवून. मास्तर बिचारे सज्जन होते. राज्याची सीमा खऱ्या अर्थानं कुणाला पाठ असेल तर ती व्यापाऱ्याला. सर्व्हे खात्याचा माणूस साखळी टाकून हद्द मोजतो आणि घरी जातो. व्यापारी मात्र त्या रेषेवर पाट मांडून बसतो, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि कुठल्या पायाला चटका बसतो ते पाहून वजन दुसऱ्या पायावर टाकतो. मग सरकारही शहाणं होतं आणि रेषेपलीकडच्या पायाला हात लावता येईल का, याचा विचार करू लागतं.

हा पाय धरण्याचा कार्यक्रम आपल्याकडे एकदा फार थाटात झाला. निमित्त होतं शब्दकोड्याचं. कोड्याचा आणि हद्दीचा काय संबंध, असं वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे.

आजच्या पेपरातलं कोडं म्हणजे निवृत्त माणसाची सकाळची कवायत. सुटलं तर सुटलं, नाही तर उद्या उत्तर आहेच. एकोणीसशे पन्नासच्या आसपासचं कोडं असं निरुपद्रवी नव्हतं. त्याला बक्षीस असायचं, आणि बक्षिसाचे आकडे असे असायचे की कारकुनाच्या पगारातून तेवढे पैसे शिल्लक पडायला त्याला तीन जन्म घ्यावे लागले असते. प्रवेश फी आण्यांत आणि बक्षीस हजारांत. कोड्यांची तेव्हा साथच आली होती. आमच्या वाड्यात नानाकाकांना ती प्रथम लागली.

नानाकाका सरकारी कचेरीत कारकून होते. ते सोडवत ते कोडं परप्रांतातल्या कुठल्याशा साप्ताहिकातलं. त्याचं नाव आता माझ्या ध्यानात नाही. पण त्या कोड्याची जात सांगतो. समजा, दोन अक्षरी शब्द, शेवटी ‘न’, आणि सूचना अशी, की ‘हे मोडलं की माणूस पुन्हा उभा राहणं कठीण’. आता इथे ‘मन’ही बसतं आणि ‘मान’ही बसते. तुमचं भाषेचं ज्ञान इथं संपलं. पुढे प्रश्न एवढाच, की कोडं काढणाऱ्यानं आपल्या पाकिटात आधीच कुठलं उत्तर लिहून ठेवलंय. अशा सात-आठ जागा असायच्या. म्हणून नानाकाका एक ‘मन’वाला तक्ता भरायचे आणि एक ‘मान’वाला, मग त्या दोहोंत पुढच्या जागेचे दोन-दोन, असं करत करत महिन्याच्या सात तारखेला आठ-दहा तक्ते आणि तितक्याच तक्त्यांची फी. काकू एकदा म्हणाली, “अहो, सगळीच उत्तरं लिहायची असतील तर मग सोडवता काय त्यात?” या एका वाक्यात तिनं जे सांगितलं ते सांगायला पुढे सर्वोच्च न्यायालयाला पुष्कळ पानं लागली. काकूकडे तेव्हा एकच पाटली उरली होती. दुसरी कुठं गेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदीचे दिवस होते आणि माणसानं सुधारलंच पाहिजे अशी सरकारची ठाम समजूत होती. १९४८ साली राज्यानं लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण ठेवणारा आणि कर बसवणारा कायदा केला. परवाना घ्या, हिशेब दाखवा, कर भरा. कायदा चांगला कडक होता. फक्त त्याला एक दार होतं. मुंबई प्रांताच्या बाहेर छापून प्रसिद्ध होणाऱ्या वर्तमानपत्रातलं कोडं या कायद्यातून वगळलं होतं.

म्हणजे पाहा, घराला चहूबाजूंनी कुंपण घालायचं आणि फाटकावर पाटी लावायची की बाहेरच्या गाईंनी खुशाल आत यावं. मुंबईत छापलं तर कर, बंगळूरला छापून मुंबईत विकलं तर काही नाही. एवढी सोय सरकारनं करून दिल्यावर ती न घेणारा व्यापारी व्यापारी कसला?

बंगळूरला ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं एक इंग्रजी साप्ताहिक निघत असे आणि त्यातून ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्‌स’ ही स्पर्धा चाले. आर. एम. डी. चमारबागवाला हे तिचे चालक. कंपनी म्हैसूर संस्थानच्या, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या, हद्दीत रीतसर नोंदलेली. छपाई बंगळूरला, कचेरी बंगळूरला, उत्तरं तपासायची बंगळूरला, बक्षीस जाहीर व्हायचं बंगळूरला. मुंबई राज्यात काय व्हायचं? मुंबई राज्यात अंक खपायचा, आणि माणसं डोकं खाजवत तक्ते भरायची. ते तक्ते आणि फी गोळा करायला कंपनीची इथं केंद्रं होती, गोळा करणारी माणसं होती. बाकी सगळं परराज्यात!

१९५२ साली मुंबई सरकारच्या ध्यानात फाटक आलं. कायद्यात दुरुस्ती झाली, बाहेरच्या पत्रांना दिलेली सूट काढून टाकली आणि त्यांच्याकडून कर कसा घ्यायचा याचं कलम घातलं. त्याच वर्षी चमारबागवाला आणि त्यांची कंपनी मुंबईच्या हायकोर्टात उभी राहिली. त्यांचं म्हणणं मोठं तर्कशुद्ध होतं. आमचा धंदा बंगळूरचा. तिथल्या सरकारचा आम्हांला परवाना आहे. मुंबईच्या कायद्याची सत्ता मुंबईच्या हद्दीपुरती. तिनं म्हैसूरच्या माणसाच्या खिशात हात घालायचं कारण काय? शिवाय घटनेनं प्रत्येक नागरिकाला धंद्याचं स्वातंत्र्य दिलंय, आणि ३०१व्या कलमात भारतभर व्यापार मोकळा राहील असं लिहून ठेवलंय. मग राज्याच्या हद्दीवर हे जकातीचं नाकं कशाला?

हायकोर्टात ते जिंकले. मुंबई सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

आता इथे एक गंमत झाली, तिच्याकडे कायद्याच्या पुस्तकांचं फारसं लक्ष जात नाही. खटला सुरू झाला तेव्हा मुंबई राज्य तुंगभद्रेपर्यंत होतं. धारवाड जिल्ह्यातलं राणेबेन्नूर मुंबईत आणि नदीपलीकडचं हरिहर म्हैसुरात. बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार ही सगळी मुंबईची. खटला दिल्लीत पोचून निकाल लागेपर्यंत १ नोव्हेंबर १९५६ उजाडला आणि राज्यांची पुनर्रचना झाली. हे चार जिल्हे म्हैसुरात गेले (बेळगावचा चंदगड तालुका तेवढा आमच्याकडे राहिला), आणि विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ मुंबईत आले. म्हणजे दावा लढणारं राज्य नावानं तेच, अंगानं वेगळंच! तुंगभद्रेवरची हद्द उठून निपाणीच्या अलीकडे येऊन बसली.

बेळगावात माझी आत्या होती. एका रात्रीत तिचं राज्य बदललं. सकाळी उठून तिनं त्याच नळाचं पाणी भरलं, त्याच दुकानातून कुंदा आणला, पण पत्राच्या पत्त्यात ‘मुंबई राज्य’ लिहायची सोय राहिली नाही. तिला त्याचं जे वाटलं ते ती बरीच वर्षं, जवळजवळ शेवटपर्यंत, बोलून दाखवत असे आणि तो विनोदाचा विषय नाही. मी कोड्यापुरतं बोलतो. बेळगावातला जो कोडेबहाद्दर १९५२ साली मुंबई सरकारच्या दृष्टीनं परराज्याच्या मोहापासून वाचवण्याजोगा होता, तो १९५७ साली स्वतःच परराज्य झाला. त्याला वाचवण्याची जबाबदारी आता म्हैसूरवर. आणि म्हैसूरनंही काही डोळे मिटले नव्हते. त्यानं १९५१ सालीच स्वतःचा कायदा करून ठेवला होता, त्याचं नावसुद्धा मुंबईच्या कायद्याची सही-सही नक्कल. हद्द ओलांडून गेलं की कर चुकतो, असं नाही. कर घेणारा फक्त दुसरा असतो.

निकाल लागला ९ एप्रिल १९५७ला. त्याच महिन्याच्या एक तारखेपासून नवे पैसे सुरू झाले होते आणि सगळा देश आण्याचे किती पैसे या कोड्यात सापडला होता, त्यामुळे या कोड्याकडे लक्ष द्यायला लोकांना वेळ नसावा.

सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी लिहिलेलं ते निकालपत्र मी पुढे कधीतरी वाचलं. कायद्याची भाषा मला झोपेसाठी फार उपयोगी पडते. पण यात झोप लागेना. कारण आरंभीच्या कलमांचा डोंगर ओलांडला की अचानक ऋग्वेदातला तो बिचारा जुगारी भेटतो, ज्याची टाकलेली बायको झुरते आहे. मग महाभारत, आणि द्यूतात राज्य घालवून बसलेले पांडव. मनू म्हणतो, जुगार पार बंद करा. याज्ञवल्क्य म्हणतो, राजाच्या देखरेखीखाली चालू द्या. आणि कौटिल्य? कौटिल्याला नीतीचंही पटतं आणि तिजोरीचंही पटतं. अर्थशास्त्रात त्यानं द्यूतावर खास अध्यक्ष नेमला, जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच वसूल करायला सांगितलं, आणि नेमलेली जागा सोडून दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड ठोठावला. नेमलेल्या जागी खेळाल तर तो महसूल. पलीकडच्या गल्लीत खेळाल तर तो गुन्हा. मुंबई सरकारला इतका जुना आणि इतका अधिकारी वकील दुसरा मिळाला नसता.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या कोड्याचं उत्तर आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय आणि ते त्याच्या उत्तराशी जुळतं की नाही यावर बक्षीस अवलंबून आहे, ते कोडं म्हणजे जुगार. (काकू, प्रणाम.) आणि जुगार हा घटनेनं ज्याला स्वातंत्र्य दिलं तसला व्यापारच नव्हे. म्हणजे ३०१वं कलम घेऊन हद्दीवर उभं राहायला जागा उरली नाही. व्यापार भारतभर मोकळा आहे खरा, पण तू मुळात व्यापारी नाहीसच, असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार?

राहिला हद्दीचा प्रश्न. बंगळूरच्या माणसाला मुंबईचा कायदा लागू होईल का? न्यायालयानं इथे जे ठरवलं ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सोनं आहे. कायद्याला हद्दीपलीकडे हात लांबवता येतो, पण त्या माणसाचं आणि राज्याचं काही नातं हवं. ते नातं खरं असावं, ओढूनताणून आणलेलं नसावं. आणि जे मागायचं ते त्या नात्याशी जुळणारं असावं. आपल्याकडच्या लग्नघरात हेच चालतं. चुलत-मावस काढत कुणी दारात आलं तर आधी नातं तपासावं, आणि नातं निघालं तर आहेर नात्याच्या मानानं असावा. इथे नातं पक्कं निघालं. अंक इथं खपतो, आमंत्रण इथल्या माणसाला मिळतं, तो इथं बसून तक्ता भरतो, पैसे इथल्या केंद्रावर देतो. जुगाऱ्यानं जे काही करायचं असतं ते बहुतेक सगळं मुंबई राज्यातच होतं. बंगळूरला नुसतं उत्तराचं पाकीट!

मुंबई सरकार जिंकलं. पण जिंकून हाती काय लागलं म्हणाल, तर फारसं नाही. दरम्यान केंद्रानं १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता आणि तो १९५६च्या एप्रिलपासून लागूही झाला होता. एका महिन्यात एक हजार रुपयांहून जास्त बक्षीस नाही! मुंबईसह कित्येक राज्यांनी मिळून तो मागून घेतलेला. पुढे म्हैसूरनंही ठराव करून तो आपलासा केला. ज्या क्षणी हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच नियम झाला त्या क्षणी हद्दीवर पाट मांडून बसण्यातलं सुख संपलं. हजार रुपयांसाठी सात-आठ जागी ‘मन की मान’ करण्याचा उत्साह नानाकाकांनाही राहिला नाही. ते ज्योतिषाकडे वळले. त्यावर राज्याचा कर नव्हता.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सरकार नावाची संस्था फार विनोदी असते. ज्या मुंबई राज्यानं जुगार म्हणजे व्यापारच नव्हे असं दिल्लीहून लिहून आणलं, त्याच्याच वारसानं, म्हणजे आपल्या महाराष्ट्रानं, १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. केरळनं ती दोन वर्षं आधीच सुरू केली होती. बघता बघता एकेक राज्य लॉटरीवाला झालं आणि नाक्यानाक्यावर दोऱ्यांना टांगलेली तिकिटं वाऱ्यावर फडफडू लागली. दूरदूरच्या ज्या राज्यांत आपण कधी पाऊल टाकलं नाही त्यांची नावं आमच्या पिढीतल्या पुष्कळांना भूगोलापेक्षा लॉटरीच्या तिकिटांनी शिकवली.

मग प्रत्येक राज्याला एक जुनाच साक्षात्कार नव्यानं झाला, की आपली लॉटरी ही लोककल्याणाची आणि शेजाऱ्याची लॉटरी हा जुगार. शेजाऱ्याची तिकिटं बंद करा! हे भांडण इतकं वाढलं की १९९८ साली संसदेला लॉटऱ्यांचा कायदा करावा लागला, आणि १९९९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की सरकारनं चालवली तरी लॉटरी हा जुगारच. आणि दुसऱ्याची बंद करायची असेल तर आधी आपली बंद करा. एकाच चाळीतल्या दोन बिऱ्हाडांचं भांडण मिटवताना कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल, पण चाळीत त्यासाठी संसद भरवावी लागत नाही.

यावर कडी केली ती कर्नाटकानं. म्हैसूरचं नाव १९७३ साली कर्नाटक झालं. या कर्नाटकानं २००४ साली कायदा करून आपल्या हद्दीत विकल्या जाणाऱ्या परराज्यांच्या लॉटऱ्यांवर कर बसवला. केरळनंही बसवला. ईशान्येकडली मेघालय, नागालँड वगैरे राज्यं कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय, तर लॉटरी आमची, तिकिटं आम्ही छापतो, सोडत आमच्याकडे होते. बंगळूरच्या सरकारला आमच्या खिशात हात घालायचं कारण काय? हायकोर्टात ती जिंकली. कर्नाटक सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २०२२मध्ये जिंकलं. तिकिटं कर्नाटकात खपतात, घेणारा कर्नाटकात आहे, विकणारे हस्तक तिथं आहेत, नातं पुरेसं आहे. आणि जुन्या निकालांच्या ज्या आधारावर हे ठरलं, त्यांत पासष्ट वर्षांपूर्वीचा तोच चमारबागवाला खटला मानानं बसलेला. बंगळूरहून निघालेल्या कोड्यानं मुंबईला मिळवून दिलेला कायदा अखेर बंगळूरच्याच तिजोरीत जमा झाला.

आता हद्द कुठली आणि नाकं कुठलं! १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. कर आता माल जिथं वापरला जातो त्या राज्याला जातो, म्हणजे जिथं कोडं सोडवलं जातं तिथं. डिझेल मात्र अजून त्या पंगतीत बसलेलं नाही, म्हणून तो ‘शेवटचा पंप’ टिकून आहे. आणि जुगार मोबाइलमध्ये शिरला, तेव्हा राज्यांनी पुन्हा आपापल्या कुंपणांची डागडुजी करून पाहिली. तामिळनाडूचा कायदा २०२१ साली तिथल्या हायकोर्टात पडला, कर्नाटकाचा २०२२ साली. शेवटी ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनंच पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. १९५५ सारखंच झालं म्हणायचं: राज्यं आपापल्या रेषेवर दमली की दिल्ली एकच रेष ओढते.

बंदी येण्याआधी आमच्या चिरंजीवांच्या फोनवर असलाच एक खेळ होता. मी त्याला विचारलं, “या कंपनीची कचेरी कुठं रे?” तो म्हणाला, “बाबा, कचेरी कुठंही असेल. काय फरक पडतो?” मी म्हटलं, “तसं नव्हे, पैसे कुठं भरतोस?” तो म्हणाला, “इथंच की. या खुर्चीत बसून.” त्याच्या आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “किती?”